लिस्बनमधला पहिला दिवस: चढ यंत्राने, उतार पायी

लिस्बनला पहिल्यांदा गेलेल्या बऱ्याच जणांचा पहिला दिवस मार्तीं मोनीश चौकात, २८ नंबरच्या पिवळ्या ट्रामच्या रांगेत जातो. उन्हाळ्यात ही रांग तासभरसुद्धा हलत नाही. शेवटी चढायला मिळालं तरी उभं राहून खिडकीबाहेरचं काही दिसत नाही, आणि खिसेकापूंची आवडती जागाही तीच. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाने स्वतःला हा त्रास का द्यावा?

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या दिवशी स्थळं उरकू नका, शहराची रचना पायाखालून घालवा. लिस्बनची रचना एका दुपारीत समजते. दक्षिणेला तेजो नदी, तिच्या काठाला लागून सपाट बाजारपेठ म्हणजे बायशा, आणि बायशाच्या दोन्ही बाजूंना चढ. पूर्वेला किल्ला आणि आल्फामा, पश्चिमेला शियादु. हे एकदा अंगवळणी पडलं की पुढचे दिवस चुकायची भीती राहत नाही.

खालचा क्रम दुपारी उतरणाऱ्यांसाठी आहे. मुंबईहून दुबई किंवा दोहामार्गे येणारे बरेच जण दुपारच्या सुमारास पोहोचतात. जूनमध्ये इथे नऊच्या पुढे अंधार पडतो, त्यामुळे वेळ भरपूर मिळतो. डिसेंबरमध्ये सूर्य सव्वापाचलाच मावळतो. तेव्हा आधी वर चढा, देखावा बघा आणि नदीकाठ दिवे लागल्यावर करा.

घरूनच उरकायची कामं

राहायची जागा ठरवताना फोटोंपेक्षा चढ बघा. आल्फामातली घरं चित्रासारखी दिसतात, पण अनेक गल्ल्यांत टॅक्सी शिरत नाही आणि बॅग पायऱ्यांवरून उचलून न्यावी लागते. जुन्या इमारतींत लिफ्ट नसणं नेहमीचंच आहे. आईवडील सोबत असतील तर खोली कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे का, हे आधी लेखी विचारून घ्या. पहिल्या भेटीसाठी रोसिउ, बायशा किंवा कैश दु सोद्रे या मेट्रो स्थानकांजवळचा सपाट भाग मला सगळ्यात सोयीचा वाटतो.

बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डावरचे परदेशातले व्यवहार सुरू करा. आपल्याकडे ते बंद असतात आणि ऐनवेळी कार्ड चालत नाही. फोनमध्ये शहराचा नकाशा उतरवून ठेवा आणि त्यावर हॉटेल खूण करून ठेवा. ई-सिम घेणार असाल तर घरच्या वाय-फायवरच बसवून टाका.

बूट नवे नकोत, आणि तळवा घासलेलाही नको. इथले पदपथ पांढऱ्या चुनखडीच्या आणि काळ्या बसाल्टच्या छोट्या चौकोनी दगडांचे आहेत. शतकभराच्या वर्दळीने ते गुळगुळीत झालेत. पाऊस पडला की उतारावर चांगल्या चांगल्यांचा पाय घसरतो.

खाऊ भरताना एक नियम पाळा. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवा. आंबे आणि ताजा कढीपत्ताही नको. भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट मात्र खुशाल घ्या, पहिल्या रात्री उपयोगी पडतं.

विमानतळावर

दुबई किंवा दोहाहून थेट आलात तर पासपोर्ट तपासणी लिस्बनलाच होते. पॅरिस, फ्रँकफर्टसारख्या शेंगेनमधल्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांतल्या, शहरात विमान बदललं असेल तर ती तिथेच झालेली असते. हॉटेलचं आरक्षण, परतीचं तिकीट आणि प्रवास विमा छापून हातातल्या बॅगेत ठेवा. रांगेत फोनची बॅटरी संपली तरी अडत नाही.

पैसे काढायचे तर मल्टिबँको असं लिहिलेलं बँकेचं यंत्र शोधा. विमानतळावर आणि पर्यटकांच्या वाटेवर खासगी कंपन्यांची यंत्रंही ठिकठिकाणी असतात. ती वेगळं शुल्क घेतात आणि दरही वाईट देतात. यंत्राने ‘रुपयांत रक्कम घेऊ का’ असं विचारलं तर नाही म्हणा आणि युरोच निवडा. दुकानातल्या कार्ड यंत्रावरही तेच. रोख शंभर युरो पुरे, बाकी बहुतेक ठिकाणी कार्ड चालतं.

विमानतळ शहरातच आहे. मेट्रोची लाल मार्गिका तिथूनच सुरू होते. आलामेदा स्थानकावर उतरून हिरवी मार्गिका पकडा, ती मार्तीं मोनीश, रोसिउ, बायशा-शियादु करत कैश दु सोद्रेला संपते. मेट्रो सकाळी साडेसहा ते रात्री एकपर्यंत चालते.

स्थानकातल्या यंत्रावर नावेगांत नावाचं कार्ड अर्ध्या युरोला मिळतं. यंत्रात इंग्रजीचा पर्याय आहे. कार्ड माणशी एक लागतं, दोघांनी एकावर जाता येत नाही. त्यात ‘झॅपिंग’ हा पर्याय निवडून दहा युरो भरा. हे पैसे मेट्रो, बस, ट्राम, नदीवरची बोट आणि उपनगरी गाडी सगळीकडे चालतात, आणि ट्राममध्ये चालकाकडे रोख देऊन घेतलेल्या तिकिटापेक्षा खूप स्वस्त पडतात. चोवीस तासांचा पासही आहे, सात युरोंच्या आसपास, पण पहिल्या दिवशी आपण बराचसा भाग चालणार आहोत, त्यामुळे त्याची गरज नाही.

दोन मोठ्या बॅगा असतील किंवा लहान मूल असेल तर सरळ ॲपवरून गाडी मागवा. साधारण दहा ते वीस युरोंत हॉटेलच्या दारात पोहोचता. थकलेल्या अवस्थेत सामानासकट गर्दीत शिरणं म्हणजे खिसेकापूला बोलावणं.

हॉटेलवर: अंघोळ करा, आडवे पडू नका

खोली बहुतेक ठिकाणी दुपारी दोन-तीननंतर मिळते. लवकर पोहोचलात तर बॅगा ठेवून घेतात. लिस्बन महापालिकेचा पर्यटक कर माणशी दर रात्री ४ युरो आहे आणि तो जास्तीत जास्त सात रात्रींचा लागतो. तेरा वर्षांखालच्या मुलांना माफ आहे. हा अनेकदा वेगळा मागतात, त्यामुळे गैरसमज करून घेऊ नका.

पोर्तुगालचं घड्याळ आपल्या मागे आहे, उन्हाळ्यात साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच. म्हणजे तिथले दुपारचे चार वाजतात तेव्हा शरीराच्या हिशेबाने रात्र झालेली असते. अशा वेळी ‘जरा पाठ टेकतो’ म्हणून पडलेला माणूस रात्री नऊला उठतो आणि मग पहाटेपर्यंत छताकडे बघत बसतो. अंघोळ करा, कपडे बदला आणि बाहेर पडा. झोपेवर उन्हाइतकं चांगलं औषध नाही. डोळे फारच मिटत असतील तर गजर लावून वीस मिनिटं, खुर्चीत.

बाहेर पडताना एक कार्ड आणि थोडे युरो खोलीतल्या तिजोरीत ठेवा, दुसरं कार्ड सोबत. पासपोर्टचा फोटो फोनमध्ये आणि स्वतःच्या ई-मेलवर असू द्या. पाण्याची बाटली घरचीच घ्या, नळाचं पाणी पिण्याजोगं आहे.

नदीपासून सुरुवात

पहिलं पाऊल प्रासा दु कोमेर्सिउ या चौकात टाका. तेरेइरु दु पासु हे मेट्रो स्थानक अगदी लागून आहे आणि रोसिउहून चालत गेलात तरी दहा-बारा मिनिटं. तीन बाजूंना पिवळ्या कमानींच्या इमारती आणि चौथी बाजू नदीला उघडी. मध्ये घोड्यावर बसलेल्या जुझे पहिल्या राजाचा १७७५ सालचा पुतळा.

सरळ पाण्याकडे जा. दोन दगडी खांबांच्या मधून संगमरवरी पायऱ्या नदीत उतरतात. समुद्र जवळ असल्याने इथे भरती-ओहोटी जाणवते. ओहोटीला खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांवर हिरवं शेवाळ असतं, तिथे पाय ठेवू नका. वरच्या कोरड्या पायरीवर दहा मिनिटं बसा. समोर इतकं रुंद पाणी आहे की अनेकांना तो समुद्रच वाटतो. उजवीकडे लांबवर लाल झुलता पूल दिसेल. पूल म्हणजे पश्चिम, पाणी म्हणजे दक्षिण. आज एवढ्या दोन खुणा पुरतात.

मराठी आणि गोव्याच्या माणसाने इथे जरा जास्त थांबावं असं मला मनापासून वाटतं. १७५५ पर्यंत या जागी राजवाडा होता, आणि त्याच्या आवारात ‘काझा दा इंदिया’, भारताशी चालणाऱ्या व्यापाराचा कारभार बघणारी कचेरी. कोची-गोव्याहून आलेल्या मिरीचा हिशेब इथे होत असे. पश्चिमेकडचा पुढचा काठ, रिबैरा दश नाउश, म्हणजे जहाजं बांधायची गोदी. आपल्या किनाऱ्यावर साडेचार शतकं टिकलेल्या सत्तेचे निर्णय याच भागात होत होते. १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी मोठा भूकंप झाला, पाठोपाठ नदीतून समुद्राच्या लाटा आल्या आणि मग कित्येक दिवस आग धुमसत राहिली. राजवाडा, कचेरी, तिथली दप्तरं, सगळं गेलं.

बायशाच्या सरळ गल्ल्या

पाण्याकडे पाठ करा आणि मोठ्या कमानीतून आत शिरा. समोरचा रस्ता रुआ ऑगुश्ता. भूकंपानंतर मार्केझ दु पोंबाल या मंत्र्याने हा सगळा भाग काटकोनात आखून नव्याने बांधवून घेतला. भिंतींच्या आत लाकडी सांगाड्यांची जाळी बसवली, म्हणजे पुन्हा जमीन हलली तर इमारत लवचीक राहील. अठराव्या शतकात एवढा विचार करून उभारलेली बाजारपेठ आहे ही. गल्ल्यांची नावंही धंद्यांवरून पडली आहेत: चांदीची, सोन्याची, चांभारांची, कापडवाल्यांची. आपल्या पुण्यातल्या तांबट आळीसारखंच.

इथे फार वेळ काढू नका. रुआ ऑगुश्तावर फोटोंचं मेन्यूकार्ड हातात घेऊन बोलावणाऱ्या उपाहारगृहांत जेवण महाग आणि सामान्य असतं. कोणी जवळ येऊन हळू आवाजात नशेचे पदार्थ विकू पाहील, तर न थांबता ‘नाऊं’ म्हणून पुढे चला. ते लोक मागे लागत नाहीत. सान्ता जुश्ता हा १९०२ सालचा लोखंडी उद्वाहक बाहेरूनच बघा, त्याच्या रांगेत तास घालवण्यात अर्थ नाही. पश्चिमेला शियादुच्या चढावर जायचं असेल तेव्हा बायशा-शियादु मेट्रो स्थानकात खालच्या दाराने शिरा आणि सरकत्या जिन्यांनी वरच्या दाराने बाहेर पडा. फुकटात चढ संपतो. पण ते उद्या. आज पूर्वेकडे.

फुकटच्या लिफ्टने वर

ही युक्ती मी लिस्बनला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते. रुआ दुश फांकैरुश या गल्लीत, १७० क्रमांकाच्या आसपास, इतर इमारतींसारखीच दिसणारी एक इमारत आहे. दर्शनी भागावर ‘कास्तेलु’ असं लिहिलेलं असतं. आत महापालिकेची लिफ्ट, तिकीट नाही. ती तुम्हाला वरच्या रुआ दा मादालेना रस्त्यावर सोडते. तिथून समोरचा चौक ओलांडून थोडं चाललात की शांव दु लोरेइरु नावाचा जुना बाजार लागतो, आता तिथे सुपरमार्केट आणि वाहनतळ आहे. त्याचीही लिफ्ट सगळ्यांसाठी खुली आहे. ती घेतली की किल्ल्याच्या तटाखालच्या रस्त्यावर निघता. गुडघे दुखणाऱ्या माणसालाही हा मार्ग जमतो. लिफ्ट बंद असली तर प्रासा दा फिगेइरा चौकातून ७३७ नंबरची छोटी बस किल्ल्यापर्यंत जाते.

किल्ल्याचं तिकीट पंधरा युरोंच्या आसपास आहे. पहिल्या दिवशी ते काढू नये असं माझं मत. तासाभरात धावत बघण्यासारखी ती जागा नाही, आणि देखावा तर पाचशे पावलांवर फुकट मिळतो.

देखाव्याच्या दोन गच्च्या

शहरभर अशा मोकळ्या गच्च्या आहेत, त्यांना मिरादोरु म्हणतात. किल्ल्याखालून उतरत पोर्तश दु सोलला या. इथे साऊं व्हिसेंत या संताचा पुतळा आहे, हातात नाव आणि नावेवर दोन कावळे. नाव आणि कावळे हेच लिस्बनचं बोधचिन्ह. दिव्यांच्या खांबांवर, गटाराच्या झाकणांवर दिवसभर दिसत राहील. समोर आल्फामाची लाल कौलं पायऱ्यापायऱ्यांनी नदीकडे उतरतात, डावीकडे साऊं व्हिसेंत द फोरा हे पांढरं चर्च आणि राष्ट्रीय स्मारकाचा घुमट.

शंभर पावलांवर सान्ता लुझियाची गच्ची. सगळे नदीकडे तोंड करून फोटो काढत असतात, तुम्ही उलट चर्चच्या बाहेरच्या भिंतीकडे जा. तिथे निळ्या-पांढऱ्या फरशांची दोन मोठी चित्रं आहेत. एकात ११४७ साली ख्रिस्ती सैन्याने किल्ला जिंकला तो प्रसंग आहे, आणि दुसऱ्यात भूकंपापूर्वीचा नदीकाठचा चौक. जवळ जाऊन नीट बघा. तासाभरापूर्वी तुम्ही जिथे बसला होतात तिथे राजवाडा उभा आहे, मनोरा आहे, काठाला गलबतं लागलेली आहेत. फरशांच्या सांध्यांवरून बोट न फिरवता, नुसत्या नजरेने एकेक माणूस शोधत जा. लिस्बनचा इतिहास सांगणारी याहून चांगली फुकट जागा मला माहीत नाही.

इथे बॅग पुढे घ्या. देखाव्यात गुंगलेल्या माणसाचा मागचा खिसा रिकामा करणं सोपं असतं.

आल्फामातून उतार

आता नकाशा खिशात ठेवा. भूकंपातून बरंचसं वाचलेलं हे जुनं गावठाण आहे. गल्ल्या अरुंद, वाकड्या, मध्येच जिना, मध्येच कोणाच्या तरी दारात संपणाऱ्या. चुकायची भीती बाळगू नका. जी पायरी खाली जाते ती धरा, शेवटी नदीच येते. वाट संपली तर दहा पावलं मागे या आणि दुसरी उतरती वाट घ्या.

मात्र ही माणसांची राहती घरं आहेत. वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढा, दारात बसलेल्या आजींचे विचारल्याशिवाय नको. आवाज खाली ठेवा. घरांचं पर्यटकांसाठीच्या भाड्याच्या खोल्यांत रूपांतर होत गेल्याने जुने रहिवासी इथून कमी होत चालले आहेत. जे उरलेत त्यांच्या उंबऱ्यावर आपण पाहुणे आहोत.

उतरलात की शाफारिश द देन्त्रु हा चौक आणि समोर फादु संगीताचं संग्रहालय लागतं. फादुची मैफल पहिल्या रात्री ठेवू नका. ती उशिरा रंगते, गाणं चालू असताना पूर्ण शांतता पाळावी लागते आणि तुम्ही तिथे पेंगाल.

नदी डाव्या हाताला ठेवून पश्चिमेकडे चालत राहा. वाटेत काझा दुश बिकुश दिसेल, दर्शनी भिंतीवर हिऱ्यासारखे टोकदार दगड बसवलेलं घर. ते १५२३ च्या सुमारास ब्राश द आल्बुकेर्क याने बांधवलं. १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या आफोन्सु द आल्बुकेर्कचा हा मुलगा. वरचे मजले भूकंपात कोसळले होते, ते १९८० च्या दशकात पुन्हा उभारले. गोव्यातून आलेल्या माणसाला हे घर बघून काय वाटेल ते मी सांगू शकत नाही, पण ते न बघता पुढे जाऊ नये. तिथून पाच-सात मिनिटांत तुम्ही पुन्हा पहिल्या चौकात पोहोचता. एक वर्तुळ पूर्ण झालं.

पोटाचं काय

भुकेची वेळ आधी समजून घ्या. बऱ्याच साध्या खाणावळींचं स्वयंपाकघर दुपारी तीनला बंद होतं आणि संध्याकाळी सात-साडेसातला उघडतं. मधल्या वेळी आधार पास्तेलारियाचा. ही बेकरी आणि कॉफीचं दुकान एकत्र असतं. काउंटरपाशी उभं राहून ‘उं काफे’ मागा, छोट्या कपात कडक काळी कॉफी मिळेल, साधारण एका युरोत. दुधाची हवी तर ‘गालाऊं’. बाहेरच्या टेबलावर बसलात तर दर वाढतो. पास्तेल द नाता ही कस्टर्डची छोटी पेस्ट्री सगळीकडे असते. त्यात अंडं असतं, हे शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावं.

काचेच्या कपाटात समोसेही दिसतील, शामुसा या नावाने. ते गोव्यामार्गे इथे आले आणि इथलेच झाले. पण आत बहुतेक वेळा मांसाचं सारण असतं. विचारल्याशिवाय घेऊ नका.

शाकाहारी असाल तर ही दोन वाक्यं पाठ करा: ‘सेंय कार्न’ म्हणजे मांस नको आणि ‘सेंय पैश’ म्हणजे मासे नकोत. नुसतं शाकाहारी म्हटलं तर काही जुन्या खाणावळींत मासे चालतील असं समजतात. भाज्यांचं सूप बहुतेक ठिकाणी असतं, पण काल्दु व्हेर्द या प्रसिद्ध हिरव्या सूपमध्ये सॉसेजची चकती घालतात. चीज टोस्ट मागताना ‘तोश्ता द कैजु’ म्हणा, ‘मिश्ता’ म्हणालात तर हॅम येईल. वरण-भाताचीच ओढ लागली तर मार्तीं मोनीश चौकाजवळच्या रुआ दु बेन्फोर्मोझु गल्लीत जा. तिथे बांगलादेशी, भारतीय, नेपाळी दुकानं आणि खाणावळी ओळीने आहेत. मासे खाणाऱ्यांना मात्र चिंता नाही. भाजलेल्या सार्डिनची चव कोकण-गोव्याच्या माणसाला परकी वाटत नाही.

जेवायला बसल्यावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं. हे फुकट नाही. खाल्लंत तर बिलात लागेल, नको असेल तर हात न लावता परत न्यायला सांगा. कोणी वाईट वाटून घेत नाही. आभार मानताना पुरुषाने ‘ओब्रिगादु’ आणि स्त्रीने ‘ओब्रिगादा’ म्हणावं. स्पॅनिशमध्ये बोलायचा प्रयत्न करू नका, त्यापेक्षा इंग्रजी बरी.

अंगात बळ उरलं असेल तर

चौकातून रिबैरा दश नाउशच्या काठाने दहा-बारा मिनिटं चालत कैश दु सोद्रेला जा आणि कासिल्याशची बोट पकडा. नावेगांत कार्डावरच्या पैशांतून दीडेक युरो जातात आणि दहा मिनिटांत पलीकडे. सूर्य कलताना जाताना-येताना मागे वळून बघितलंत की किल्ला, घुमट, पिवळा चौक, तुम्ही चढलेली टेकडी, सगळं एका ओळीत मांडलेलं दिसतं. पर्यटकांसाठीच्या महाग बोटीत याहून वेगळं काही दिसत नाही. पाय बोलत असतील तर हे सोडून द्या, बोट उद्याही आहे.

काही हरवलं किंवा चोरीला गेलं तर रेश्ताउरादोरेश चौकातल्या पालासिउ फोश इमारतीत पर्यटकांसाठीचं पोलीस ठाणं आहे, तिथे इंग्रजीत तक्रार घेतात. विम्याचा दावा करायला तो कागद लागतोच. आणीबाणीसाठी क्रमांक ११२.

रात्री साडेनऊ-दहापर्यंत तग धरा आणि मग झोपा. पहाटे चारला जाग आली तर घाबरू नका, शरीर अजून घरच्या वेळेवर आहे. दुसऱ्या दिवसासाठी बेलें हा भाग ठेवा. प्रासा दु कोमेर्सिउहून १५ नंबरची ट्राम तिथे जाते. १५०१ मध्ये बांधायला सुरुवात झालेला जेरोनिमुश मठ तिथे आहे आणि त्याच्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर. मठाचं तिकीट ऑनलाइन काढून ठेवा, दार उघडायच्या अर्धा तास आधी पोहोचा, आणि दुसरा दिवस सोमवार येत असेल तर बेलें मंगळवारवर ढकला, सोमवारी मठ बंद असतो.